हात जागेर

मी गिटार भजनाच्या पट्टीत जुळवायला गेलो आणि तिचा ब्रिज उखडला.

ब्रिज म्हणजे गिटारीच्या पोटावरची ती लाकडी पट्टी, जिच्यात तारांची टोकं अडकवलेली असतात. आमच्या वाडीच्या भजन मंडळाचे बुवा काळी चारच्या उंच पट्टीत गातात. मंडळात मी झांज वाजवतो, म्हणजे ज्याला काहीच येत नाही त्याच्या हातात जे देतात ते वाजवतो. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला, तेव्हा त्याची गिटार माळ्यावर टाकून गेला. ती मी खाली काढली, पुसली, पेटीवर काळी चार धरून ठेवली आणि जाड्या तारेपासून एकेक तार त्या सुराकडे चढवत खुंट्या पिळत बसलो. एवढी मोठी पेटी आमच्या बुवांचं ऐकते, तर गिटारीने का ऐकू नये, असा माझा सरळ विचार. सगळ्यात बारीक तार आधी तुटली आणि माझ्या गालावर ओरखडा काढून गेली. मला वाटलं, तारच कच्ची. उरलेल्या पिळत राहिलो. मग फाटकन आवाज झाला.

स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, "फुटलां काय तां?"

"होय."

"बरां झालां," ती म्हणाली आणि फोडणी टाकली.

तेव्हा मी एक्कावन्न वर्षांचा होतो. वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर मी कंट्रोलर आहे. काचेच्या केबिनमध्ये बसून माइकवर सावंतवाडी, मालवण, दोडामार्ग अशी नावं घेतो. सांगायचा मुद्दा, माझा आवाज साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे आणि माझा सूर कुणालाही ठाऊक नाही. तर ती मोडलेली गिटार घेऊन मी पेट्या दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

"ह्यां माझां काम न्हय. काजूच्या कारखान्यामागे इंदूताय रवता, तिका दाखव."

"ती काय सुतारकाम करता?"

"ती काजू फोडी. गिटार वाजयता."

या दोन वाक्यांचा एकमेकांशी काय संबंध, ते विचारायच्या आत मेस्त्रींनी भात्याचं भोक शोधायला मान खाली घातली होती.

इंदूताय पडवीत आमसुलं सुकत घालत होती. साठी ओलांडलेली, काटकुळी, गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली बाई. बोटांचे सांधे सुपारीएवढे सुजलेले. मी गिटार पुढे केली. तिने गिटारीकडे पाहिलंच नाही.

"हात दाखव."

मी ज्योतिषाला दाखवतात तसा तळहात पुढे केला.

"उपडो कर. तुझ्या नशिबाक माका काय करूचां?"

मी हात उपडा केला. तिने अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, बैलाचा खांदा तपासावा तसं. मग म्हणाली, ही धर आणि वाजवल्यासारखं कर. ब्रिज लोंबत असलेली गिटार मी छातीशी धरली. माझा डावा अंगठा गळ्यावरून वर येऊन पलीकडे डोकावत होता.

"गिटार धरलंस की पळतो चोर?"

"असां धरलां की बरां वाटता, ताय. सोयीचां पडता."

"सोयीचां," ती म्हणाली. घरात विंचू निघाल्यावर माणूस 'विंचू' म्हणतो, तशा आवाजात.

ब्रिज तिनेच चिकटवला. वर फळी ठेवली, फळीवर पाटा ठेवला आणि सांगितलं, चार दिवसांनी ये, येताना डाव्या हाताची नखं कापून ये. चार दिवसांनी गेलो तर गिटार एकसंध झाली होती. तिने नव्या तारा चढवल्या, कुठल्याही पेटीला न विचारता जुळवल्या, आणि मग आतून स्वतःची गिटार आणली. काळपट, जागोजागी रंग उडालेली. उलट्या ठेवलेल्या धान्याच्या मापावर डावा पाय टेकला आणि वाजवायला लागली.

त्या दिवशी मी काय ऐकलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्या सुजलेल्या बोटांनी काही वाजेल असं मला वाटलं नव्हतं, हे पहिलं. दुसरं म्हणजे, मी हातांकडे टक लावून पाहत होतो आणि हात जवळजवळ हलतच नव्हते. बोटं तारेपासून तांदळाच्या दाण्याएवढी वर उठायची आणि परत तिथेच बसायची. आवाज मात्र एका वेळी दोन माणसं बोलत असल्यासारखा येत होता. एक खालून सावकाश काहीतरी सांगतंय आणि दुसरं वरून त्याला मध्येच अडवतंय. अंगणातली कोंबडीसुद्धा पाय उचलून थांबली होती. ती कोंबडी बहुधा दुसऱ्या कारणाने थांबली असेल, पण मला त्या वेळी तसं वाटलं.

थांबल्यावर ती म्हणाली, "ह्यां पयलां."

"पयलां काय?"

"पयलां. एकूण तीन आसत."

मी तिथल्या तिथे सांगितलं की मला शिकायचंय. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, ये. तिच्याकडे शिकायला तोपर्यंत कुणीही आलेलं नव्हतं आणि पुढेही कुणी आलं नाही. हे मला नंतर कळलं, नाहीतर त्या होकाराचा मी उगीच गर्व केला असता.

मे महिना होता. पहिला धडा असा: तिने एक पिकलं जांभूळ माझा अंगठा आणि गिटारीचा गळा यांच्यामध्ये ठेवलं. "अंगठो मागे. बोटां फुडे. जांभूळ फुटता नये." मी पहिलीच तार दाबली आणि जांभूळ फुटलं. दुसरं ठेवलं, तेही फुटलं. त्या दुपारी मी तिच्या दारातल्या झाडाची अर्धी फांदी संपवली. महिनाभर माझा अंगठा जांभळा होता. स्टँडवरचे ड्रायव्हर विचारायचे, "कंट्रोलर, खंयची निवडणूक? बोट सोडून अंगठ्याक शाई लावतत?" मी माइकवर दोडामार्गची गाडी लावून टाकायचो.

मनगट दुखायचं, खांदा भरून यायचा, आणि वाजायचं काहीच नाही. घरी येऊन अंगठा वर टाकला की कसं घरच्यासारखं वाटायचं आणि दोन-चार सूर बरे निघायचे. शेवटी मी पुरावा घेऊन गेलो. मोबाइलवर एक परदेशी वादक होता, केस वाढवलेला, अंगठा गळ्यावरून सरळ पुढे आणून जोरात वाजवत होता. मी तिला दाखवला.

"बग, ताय. ह्यो केदो मोठो माणूस. ह्यो म्हणता, जसां तुमका सोयीचां तसां धरा."

तिने पूर्ण व्हिडिओ पाहिला. एकदोनदा तालावर मानही डोलावली, म्हणजे तिला तो आवडला. मग म्हणाली, "तेका ज्यां वाजवचां आसा तां तसां वाजता. तुका ज्यां वाजवचां आसा तां तसां वाजूचां नाय."

मग तिने मला कारखान्याची गोष्ट सांगितली. "आमी चौघी एकाच दिवशी कामाक लागलंव. त्या तिघी मशीनीर आपापल्या सोयीन बसल्यो. मी थंयल्या जुन्या बाईन सांगल्यान तशी बसलंय. पयलो म्हयनो तेंचे काजू माझ्या दुप्पट. माका हसत. पाचव्या वर्साक एकीचां मनगट गेलां, दुसरीचो खांदो. तिसरी तर आधीच घरात बसली. सोय पयल्या दिवशी पावणी म्हणान येता, रे. मगे घर सोडणा नाय."

तिने एकतीस वर्षं काजू फोडले. मी हे ऐकून गप्प बसायला हवं होतं. पण माझी जीभ केबिनमध्ये बसून सैल झालेली. मी म्हणालो, "मगे तुझी बोटां कित्याक सुजली? तू तर पद्धतीन बसलंस."

बोलल्याबरोबर मला स्वतःला झांजेत धरून आपटावंसं वाटलं. पण ती रागावली नाही. हात उलटसुलट करून तिने स्वतःच पाहिले, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. "वात आसा. माझ्या आवशीक होतो, माका इलो. पण तीन वर्सां झाली, आता इलो. तवसर वाजयलंय मां?"

तेवढ्यावर ते संपलं.

त्या वर्षी पावसात मी तिच्या पद्धतीचा इतका भक्त झालो, की ती बसायची तसाच बसू लागलो. पाय तसाच, पाठ तशीच, आणि मान डावीकडे कलती. ती वाजवताना मान डावीकडे आणि थोडी खाली घ्यायची, जणू शेजारी कुणी बसलंय आणि त्याला ऐकवतेय. तीन महिने मी मान कलती ठेवून सराव केला. मान धरली. बायकोने नारळाचं तेल कोमट करून चोळलं आणि विचारलं की हे वाद्य हाताने वाजवतात की मानेने. केबिनमधून मालवणची गाडी बघायची तर मला सबंध अंग वळवावं लागे. शेवटी मी इंदूतायला सांगितलं, बाकी सगळं जमेल, पण हे मानेचं जमत नाही.

ती इतकी हसली की तिला खोकला लागला.

"मेल्या, तां कोणी शिकवलां तुका? तां पद्धत न्हय. मास्तर एका कानान भयरो होतो. तो खाटेर, मी पाटार. तेच्या बऱ्या कानाकडे आवाज जावक होयो म्हणान मी वाकान वाजयी. सवय झाली."

"पण आता मास्तर खंय?"

"गेलो. अडतीस वर्सां झाली," ती म्हणाली. पुन्हा गिटार घेतली, आणि मान तिथेच गेली.

मास्तरांची हकीकत मला तुकड्यातुकड्यांनी कळली. लग्नानंतर इंदूताय पणजीला होती, नवरा तिथे टेम्पो चालवायचा. बाविसाव्या वर्षी तिला एका घरात काम मिळालं. म्हातारा गिटारवादक, अर्धांगाच्या दोन झटक्यांनी दोन्ही हात गेलेले, मुलं परदेशी. त्याला भरवायचं, कूस बदलायची, खिडकी उघडायची. गिटार भिंतीला टेकून असायची आणि तो दिवसभर तिच्याकडे पाहत पडायचा. एके दिवशी तो म्हणाला, ती उचल. तिने पुसायला उचलली. तो म्हणाला, पुसू नकोस, बस.

"तेका हात होये होते," इंदूताय म्हणाली, "माझ्याकडे दोन होते."

चौथी शिकलेली बाई आणि हातच न हलणारा मास्तर. दाखवून शिकवायची सोय नाही, त्यामुळे सगळं बोलून. कुठल्या तारेवर, कितव्या घरात, कुठलं बोट, किती उभं, अंगठा कुठे, कोपर कुठे. घर म्हणजे गळ्यावरच्या दोन पट्ट्यांमधली जागा. तिने ते सगळं शब्दाने उचललं. सहा वर्षांत तो तिच्या हातांनी पुन्हा वाजवायला लागला. त्याने स्वतः बांधलेल्या तीन चिजा होत्या. हात होते तेव्हा त्याला त्या लिहाव्याशा वाटल्या नाहीत, आणि मग लिहिता येईनात. त्या फक्त इंदूतायकडे आल्या. तिने त्यांना नावं दिली नाहीत. पयलां, दुसरां, तिसरां. मास्तर गेल्यावर घरच्यांनी विचारलं, तुला काय हवं. तिने गिटार मागितली. काजूचा कारखाना त्यानंतर काही वर्षांनी, इकडे परतल्यावर.

हे सगळं ऐकूनही मला एक गोष्ट कळली नव्हती, ती एका दुपारी कळली. मी बोटं चोळत बसलो होतो, टोकांना फोड आलेले. आत चुलीवर पेज उतू जाऊ लागली. इंदूताय उठली आणि रटरटणारं टोप उघड्या बोटांनी उचलून खाली ठेवलं. फडकं नाही, घाई नाही.

"ताय, भाजलां मां?"

"खंय?" तिने बोटं पाहिली. "नाय. माका कळणा नाय, रे."

मी जवळ जाऊन पाहिली. टोकं गुळगुळीत होती, समुद्रातून आलेल्या दगडासारखी. रेषा नाहीत. काजूच्या टरफलात जे तेल असतं ते कातडी जाळतं. बायका राख लावून बसतात, तरी जाळतं.

"पयल्या वर्साक कातडी जाय आणि येय. मगे येवची बंद झाली. रेशनच्या मशीनीक पण माझो अंगठो दिसणा नाय. दर म्हयन्याक ती मशीन सांगता, ही बाई नायच."

"मगे तुका तार कशी कळता?"

"कळणा नाय."

ती पेज ढवळत म्हणाली, "कामाक लागान वर्स झालां होतां. गिटार घेतलंय तर बोटां मुकी. दाबलां काय नाय, कळणा नाय. रडलंय. मगे मास्तराचां आठावलां. हात जागेर ठेव, बोट आपसूक जागेर पडता. ठेवलंय. पडलां." मग म्हणाली, "तुझ्या बोटांक सगळां कळता. म्हणान तू तेंका इचारीत रवतंस, बरां वाटता काय, दुखता काय. माझी माका काय सांगणत नाय. मी इचारू कोणाक?"

म्हणजे तीस-बत्तीस वर्षं ही बाई तारा न जाणवता वाजवत होती. मला त्या दिवशी घरी जाताना माझ्या फोडांची लाज वाटली. फोड दुखत होते, आणि ते दुखणं म्हणजे केवढी चैन आहे हे मला एक्कावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

दीड वर्षात पहिलं आणि दुसरं माझ्या हातातून ओळखू येईल इतपत निघू लागलं. तिच्या हातची ती दोन्ही मी मोबाइलवर घेऊनही ठेवली. तिसरं घ्यायला गेलो तर तिने मान हलवली. तिसऱ्यात हात फार पसरावा लागतो, आणि वाताने तिची बोटं पसरायची थांबली होती. तिसरं तिने चार वर्षांत वाजवलं नव्हतं. ते जगात कुठेही वाजत नव्हतं. फक्त तिच्या डोक्यात होतं.

"तू शिकलंस तर रवात," ती म्हणाली. "नाय तर माझ्याबरोबर गेलां."

इतकी मोठी गोष्ट माझ्यासारख्या झांजवाल्यावर येऊन पडली होती. मंडळात माझ्यावर कधी समईत तेल घालायचं कामसुद्धा कुणी भरवशाने सोपवलेलं नाही.

तिसरं तिने मला मास्तरांच्या रीतीने शिकवलं, म्हणजे बोलून. हात मांडीत ठेवून ती सांगायची आणि मी करायचो. चौथी तार, सातवं घर, पहिलं बोट. ते उचलू नकोस. करंगळी चार घरं पुढे. माझी करंगळी तेवढी पोचायला तयार नसायची. मनगट पुढे काढलं, अंगठा पार खाली नेला तरच पोचायची, आणि मग पाच मिनिटांत हात शिणायचा. मग मला सापडलं, की तेच सूर खाली पहिल्या-दुसऱ्या घरातही आहेत, मोकळ्या तारा वापरून, आरामात. सूर तोच, मग जागेचा एवढा हट्ट कशाला? पंधरा दिवस मी घरी ते सोपं तिसरं बसवलं. पहिल्या चार ओळी झकास झाल्या.

तिच्याकडे गेलो तेव्हा ती पाठमोरी बसून तांदूळ निवडत होती. मी बसलो आणि वाजवलं. दुसऱ्या ओळीतच ती म्हणाली, "खंय वाजयतंस?"

"थंयच, ताय. सातव्या घरात."

"मोकळी तार वाजली." तिने वळूनही पाहिलं नाही. "थंय मोकळी तार नाय."

मी वाद घातला. सूर तर एकच आहे ना? त्यावर ती वळली. "ओलो काजू आणि सुको काजू एकाच झाडाचो. म्हणान काय उसळीक सुको घालतंस?" मला हसू आलं, पण ती हसत नव्हती. "सोपी जागा माका पण ठावक होती. मास्तर खाटेर पडलेलो. मी फसवलंय असतंय तर उठान कान पिळूक थोडोच येतलो होतो?"

मी गिटार खाली ठेवली. मग उचलली आणि पहिल्या ओळीपासून, सातव्या घरात, परत सुरुवात केली. त्यानंतर मी तिला फसवलं नाही. करंगळीला फसवायचा विचार रोज यायचा.

सहाव्या ओळीपर्यंत आम्ही गणपतीआधी पोचलो. मग एका दुपारी ती म्हणाली, आता सातवी, आणि थांबली. तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, खोकला येतोय.

"आठवी आठावता," ती हळूच म्हणाली. "सातवी खंय गेली?"

उद्या ये, असं म्हणाली. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती चुलीपुढे बसून होती, चूल न पेटवता. मी तिला कधी घाबरलेली पाहिली नव्हती. धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, सहावी आणि आठवी यांच्यामध्ये मी काहीतरी जोडून देऊ का, भजनात आम्ही चालीला गाठ मारतो तशी. तिने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

चौथ्या दिवशी ती पडवीत माझी वाट बघत होती.

"बस. सहावीच्या शेवटाक हात ठेव."

"ठेवलो."

"अंगठो?"

"मागे आसा."

"काय सोपां पडता तां इचारू नको. बोटां उचलू नको. कितली मोकळी आसत?"

तीन बोटं दाबलेली होती, ती सोडायची नव्हती. "एकच. करंगळी."

"ती खंय खंय जावक शकता? हात हालय नको."

मी करंगळी पसरून पाहिली. हात जागचा न हलवता ती दोनच ठिकाणी पोचत होती, तिसऱ्या तारेवर आणि दुसऱ्या तारेवर. "दोन जागा आसत."

"दोनय वाजव."

पहिली वाजवली. तिचा चेहरा तसाच. दुसरी वाजवली. तिने डोळे मिटले आणि सुजलेला हात वर केला, गाडी थांबवतात तसा.

"हां," ती म्हणाली. "आता तेच्या फुडे. करंगळी थंय गेली, मगे खंयचां बोट सुटलां?"

असं एकेक करत आम्ही पुढे सरकलो. प्रत्येक वेळी हात जिथे असायला हवा तिथे होता, आणि तिथून पुढे जायला एक नाहीतर दोनच वाटा निघत होत्या. ती ऐकून सांगायची, ही किंवा ती. शेवटी बोटं आपोआप तिथे पोचली जिथून आठवी ओळ सुरू होते. सातवी सबंध मिळाली होती. तिला आठवत नव्हती, मला तर कधी माहीतच नव्हती, आणि मास्तर जाऊन अडतीस-चाळीस वर्षं झालेली. तरी त्यांनी बांधलेली ओळ त्या हाताच्या ठेवणीत जशीच्या तशी बसून राहिली होती. माझा अंगठा वर असता तर करंगळी त्या दुसऱ्या तारेवर पोचलीच नसती. सोप्या जागी वाजवत असतो तर शोधायला काही उरलंच नसतं. मी घामाने भिजलो होतो. हाताला दुखतंय का, हे विचारायचं मी विसरून गेलो होतो.

इंदूताय गेल्या शिमग्याआधी गेली. तिसरं आता एवढ्या मोठ्या जगात फक्त माझ्याकडे आहे. जगाची एवढी फजिती पूर्वी कधी झाली असेल असं मला वाटत नाही. पण मला सांगायचंय ते तिच्या जाण्याच्या तीनेक महिने आधीचं.

दिवाळी उलटून गेली होती. दुपारची वेळ होती. मी तिच्या पडवीत बसून पहिल्यांदा सबंध तिसरं वाजवलं, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, न थांबता. ती समोर बसली होती, हात मांडीत. चार-पाच वर्षांत तिने ते कानाने ऐकलं नव्हतं, आणि मी तर ते कधीच ऐकलं नव्हतं. एकेक ओळ करत शिकलेला माणूस सबंध चीज ऐकत नाही. त्या दिवशी ती माझ्याच हातातून येत होती आणि मी पाहुण्यासारखा ऐकत होतो. मधे एक जागा येते, जिथे खालचा आवाज थांबतो आणि वरचा एकटाच राहतो. तिथे मला कळलं की हे एका माणसाने खिडकीकडे बघत बांधलंय. तो माणूस मी पाहिलेला नाही. पण त्या वेळी तो पडवीत होता, याबद्दल माझी कुणाशीही पैज आहे.

शेवटचा सूर विरेपर्यंत ती हलली नाही. मग पदराने डोळे पुसले, नाकही पुसलं.

"वाजलां," ती म्हणाली. "तिसऱ्या ओळीत घाई करतंस."

"होय."

मला कौतुकाची भूक फार. मी विचारलंच, "ताय, मास्तराक आवडलां असतां?"

"मास्तराक मी मेळलंय, माका तू मेळलंस. निवडूक दोघांकय मेळूक नाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "तुका अजून येळ आसा. शिकवक कोणतरी बग. आणि जरा बरो बग, तुझ्यासारखो नको."